नाकाला लावलेला पदर

सकाळी साडेनऊच्या सुमारास डहाणूच्या मासळी बाजारात नयनाने पदर नाकाला लावला.

नोव्हेंबर २०१७ मधला बुधवार होता. कार्तिकात मासळी न खाणाऱ्यांचे दिवस संपले होते, त्यामुळे बाजारात गर्दी होती. नयना सासूच्या, जिजाच्या, शेजारी बसली होती. पुढ्यातल्या फळीवर बर्फात ठेवलेली पापलेटं, बोंबलांचे वाटे आणि कोलंबीचा ढीग होता. मासळी पहाटे आगरच्या किनाऱ्यावर लिलावात घेतलेली होती. तिच्यात काही खोट नव्हती.

मासळी विकणारी बाई नाकाला पदर लावत नाही. हे कुणी शिकवत नाही, कारण शिकवायची वेळ येत नाही. गिऱ्हाइकाने नाक मुरडावं, कल्ले उघडून बघावेत, अंगठ्याने दाबून बघावं, तो त्याचा हक्क आहे. पण विकणारीनेच नाक झाकलं तर गिऱ्हाइकाला आणखी काही बघायची गरज उरत नाही.

निलम बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. जिजाकडून त्या कित्येक वर्षं मासळी घेत होत्या. त्यांच्या हातात तेव्हा पापलेट होतं. त्यांनी नयनाकडे बघितलं, हातातल्या पापलेटाकडे बघितलं आणि ते हळूच बर्फावर ठेवून दिलं.

"बाई, काय झालं?" जिजाने विचारलं.

"काही नाही हो जिजाबाय. येते फिरून."

त्या फिरून आल्या नाहीत. पलीकडच्या फळीवर धाकली नावाची कोळीण बसते, तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. जिजा आणि धाकली एकाच गल्लीत राहतात आणि बाजारात एकमेकींची खोड काढायची सोडत नाहीत. धाकलीने संधी घेतली.

"या बाई, या! आमच्याकडे नाक उघडं ठेवून विकतात. जिजाबायकडे आता गिऱ्हाइकाला रुमाल फुकट मिळणार म्हणे!"

चार बायका हसल्या. कोलंबी निवडणारा एक माणूस हात पुसून चालता झाला.

जिजा साठीच्या आतली, अंगाने सुकी, आवाजाने मोठी बाई. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा परेश बोटीवर खलाशी. बोट एकदा बाहेर गेली की चार-पाच दिवसांनी येते. घर या फळीवर चालतं, आणि ही फळी "जिजाबायची मासळी डोळे मिटून घ्यावी" या बोलीवर चालते. तिने एक पापलेट उचललं, कल्ला उघडला आणि सगळ्यांदेखत सुनेच्या नाकासमोर धरला.

"पदर काढ. घे वास. सांग सगळ्यांना, मारतं का?"

"आई, नको ना."

"घे म्हणते ना."

नयनाने पदर खाली केला आणि श्वास घेतला. "ताजं आहे," असं ती म्हणाली, ते जवळच्या दोघी-तिघींनी ऐकलं. मग ती बाजूला वळली, पण पुरेशी वळायला वेळ मिळाला नाही. ती ओकली ते निम्मं गटारात आणि निम्मं बोंबलांच्या कडेच्या वाट्यावर.

बाजार नको तेवढा बोलू लागला.

त्या वेळी एका वाक्यात सगळं मिटलं असतं. माझी सून पोटुशी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मासळीचं नाव राहिलं असतं, धाकलीच उलट ओशाळली असती, निलम बाई परत आल्या असत्या. ते वाक्य जिजाच्या तोंडाशी आलंही असेल. तिने दुसरंच म्हटलं.

"झाईची आहे ना ती! हिच्या माहेरी सुकवून सुकवून विकतात. ताज्या मासळीचा वास ठाऊक कुठे यांना?"

आता लोक मोकळेपणाने हसले. नयनाचं माहेर तलासरी तालुक्यातलं झाई, समुद्राकाठचंच गाव. तिची आई हिरू तलासरीच्या बाजारात फळी लावते. नयना लहानपणापासून आईच्या टोपलीशेजारी बसून मोठी झाली होती. तिने खाली मान घालून घाण झालेला वाटा उचलला, बाजूच्या डब्यात टाकला आणि फळीवर पाणी ओतलं. पाणी ओतताना तिने श्वास रोखून धरला होता.

*

जिजा ते वाक्य का बोलली नाही, याला कारण होतं आणि ते नजरेबिजरेपुरतं नव्हतं.

त्याच वर्षी संक्रांतीच्या सुमारास नयनाला पहिल्यांदा दिवस गेले होते. जिजाने तेव्हा दिवस भरायचे सोडा, दुसरा महिनाही पुरता लागू दिला नाही. पेढ्यांचा डबा घेऊन बाजारात आली, मासळीच्या हाताने पेढे वाटले. गिऱ्हाइकांना वाटले, धाकलीला दोन जास्त दिले. होळीच्या आधी ते गेलं. रक्त फार गेलं, नयना आठवडाभर उठली नाही. ही बातमी जिजाने कुणाला दिली नाही. पेढे वाटताना आवाज चढवता येतो, हे सांगताना कसा लावायचा ते तिला ठाऊक नव्हतं.

मग पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, बाजार ओस पडला. ऑगस्टात बोटी सुटल्या, गिऱ्हाइकं परतली आणि त्यांनी मनातल्या मनात महिने मोजले. सप्टेंबरभर एकेक जण विचारू लागला. "जिजाबाय, काय झालं, मुलगा की मुलगी?" सुरमईचे तुकडे करता करता जिजा प्रत्येकाला सांगत होती, "नाही राहिलं." समोरचा माणूस ओशाळायचा, सुरमई मुकाट्याने घ्यायचा, भाव करायचा नाही. निलम बाई तर धुतलेली, घडी केलेली झबली पिशवीतून घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मुलीच्या बाळाची. जिजाला "नाही राहिलं" म्हणायला उशीर झाला, पिशवी हातात आली होती. ती परत करता येईना आणि घरीही नेता येईना. दिवसभर ती फळीखाली बर्फाच्या खोक्यामागे राहिली.

त्यानंतर महिन्याभरात नयनाची पाळी पुन्हा चुकली. जिजाने तिला आणि परेशला समोर बसवून सांगितलं, "तीन महिने होईपर्यंत कुणाला नाही. झाईलासुद्धा नाही."

"आयेला पण नाही?" नयनाने विचारलं.

"तुझी आय बाजारात बसते. माझ्यासारखीच आहे ती. तोंडात राहायचं नाही तिच्या."

परेश म्हणाला, "आशाताईंना तरी सांगायला लागेल ना? नाव नोंदवायचं असतं. गेल्या वेळी गोळ्या त्यांनीच दिल्या होत्या."

आशाताई म्हणजे शितल. दोन घरं सोडून राहते, खांद्याला पिशवी लावून फिरते. आगरमधल्या त्यांच्या वस्तीत तिची पिशवी एखाद्या दारात आठवड्यात दोनदा शिरली की गल्ली काय ते समजते. जिजा म्हणाली, "तीन महिने झाले की मी स्वतः बोलवेन तिला." परेश दुसऱ्या दिवशी बोटीवर गेला. शितल त्या महिन्यात दोनदा दारावरून गेली. "वहिनी बऱ्या आहेत ना?" म्हणून विचारलंही. जिजाने तिला पाणी दिलं आणि पाठवलं.

नयनाला घरी ठेवणंही शक्य नव्हतं. सून फळीवर दिसली नाही की धाकली पहिली विचारणार. म्हणून ती रोज येत होती, पहाटे किनाऱ्यावर पाटी डोक्यावर घेत होती आणि वासाच्या जवळ बसत होती. ज्या वासात ती वाढली तोच तिला सहन होईना, याची तिला स्वतःलाच लाज वाटत होती. एकदा ती परेशला म्हणाली, "कोळणीच्या पोटी जन्मून मासळीला ओकते. आयेला कळलं तर काय म्हणेल?"

*

बाजारातला तो प्रकार झाला त्याच दुपारी जिजा दिपकच्या मेडिकलमध्ये गेली. दिपक तिचं रविवारचं गिऱ्हाईक.

"उलटी थांबायची गोळी दे. मळमळतं, खाल्लेलं राहत नाही."

"कुणाला?"

जिजा थांबली. दुकानात आणखी दोघं होते.

"मलाच."

"पित्त झालं असेल. जागरणं करता तुम्ही लोक." दिपकने मागच्या फडताळातून पट्टी काढली, मग सवयीने म्हणाला, "घरात कुणी पोटुशी असेल तर हिच्यातली द्यायची नाही हां. विचारून ठेवलेलं बरं."

"कोण असणार? मी म्हातारी, की मांजर?" जिजा म्हणाली. दुकानातले दोघं हसले, दिपकही हसला. त्याने पट्टी कापून काही गोळ्या कागदी पुडीत घालून दिल्या.

घरी आल्यावर तिने नयनाच्या हातावर एक गोळी ठेवली. नयनाने ती उलटसुलट करून बघितली. कापलेल्या तुकड्यावर नाव धड नव्हतं.

"चालते ना ही, आई? या दिवसांत?"

"विचारूनच आणली आहे," जिजा म्हणाली.

गोळीने काम केलं. नयनाच्या उलट्या कमी झाल्या. तिला गुंगी यायची, तोंड कोरडं पडायचं, दुपारी भातही नको म्हणायची, पण ती फळीवर उघड्या नाकाने बसत होती. शुक्रवारी जिजाने पुन्हा आवाज लावला. "या, या! माझी सून बघा, कशी ताज्या मासळीसारखी बसली आहे!" धाकली म्हणाली, "डोळे पण मासळीसारखेच झालेत गो तिचे, मिटतच नाहीत." जिजाने तिकडे लक्ष दिलं नाही. शनिवारपर्यंत तिची मासळी पूर्वीसारखी जाऊ लागली. निलम बाई मात्र धाकलीकडेच जात होत्या.

*

डहाणूच्या बाजाराला बर्फ देणारा टेम्पो पुढे तलासरीला जातो. "झाईला ताज्या मासळीचा वास ठाऊक नाही" ही बातमीही त्याच टेम्पोने गेली.

रविवारी सकाळी हिरू आली. बोर्डीवरून येणाऱ्या एसटीने आली, डोक्यावर पाटी घेऊन. पाटीत समुद्रातून नुकतेच काढलेले बोंबील होते, काचेसारखे. बाजार भरलेला होता. ती सरळ जिजाच्या फळीसमोर आली, पाटी उतरवली आणि दोन मुठी भरून बोंबील जिजाच्या पापलेटांवर ओतले.

"घ्या विहीणबाई. झाईचे आहेत. सुकवायला वेळ नाही झाला, माफी करा."

धाकलीच्या बाजूने कुणीतरी शिटी वाजवली.

"सगळ्यांसमोर काय हे, विहीणबाई?" जिजा म्हणाली.

"तुम्ही कुठे एकांतात बोलला होतात? माझ्या पोरीने चालायच्या आधी कोलंबी सोलली आहे. तिला वास ठाऊक नाही? तिला विचारा, हे बोंबील कुठल्या भरतीचे ते सांगेल. काय गो नयना, सांग!"

तेव्हा तिने पहिल्यांदा मुलीकडे नीट बघितलं.

नयना उठायला गेली आणि उठता उठता फळीची कड धरून थांबली. तिचे ओठ फुटलेले होते. डोळ्यांखालचं कातडं ओढल्यासारखं झालं होतं. गळ्याची हाडं वर आली होती. हिरूच्या हातात अजून दोन बोंबील होते, ते तिने पाटीत ठेवले. हात ओच्याला पुसले.

"कितवा?" तिने हळू विचारलं.

नयनाने सासूकडे बघितलं.

"तिच्याकडे काय बघतेस? मी तुला विचारते."

 फोनवर नयना आईला गेला दीड महिना "बरी आहे" म्हणत होती. ते आठवून असेल, तिने मान खाली घातली. हिरूलाही मग काही विचारायचं उरलं नाही. तिचा राग अंगावर तसाच होता, पण आता तो कुठे टाकायचा ते तिला कळेना.

"तीन महिने झाले की सांगणारच होते," जिजा पुटपुटली.

"मलासुद्धा तीन महिन्यांनी?"

"कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या वेळचं तुम्हाला ठाऊक आहे ना."

"गेल्या वेळी तुम्ही पेढे वाटलेत म्हणून पडलं का ते? अंगात रक्त नव्हतं म्हणून पडलं. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं मला." हिरूने मुलीचा हात धरला. तो थंड होता. "लघवीला जातेस का नीट?"

नयनाने नकारार्थी मान हलवली.

जिजाने फळी तशीच उघडी टाकली. तिच्या बाजारातल्या सगळ्या वर्षांत ती कधी टाकली नव्हती. रिक्षात तिघी बसल्या. धाकली मागून ओरडली, "जा गो, मी बघते फळी!" त्यात टोमणा नव्हता आणि जिजाला तेच लागलं.

*

सरकारी दवाखान्यात रविवार असूनही एक डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, थकलेल्या, कमी बोलणाऱ्या. नयनाला खाटेवर घेऊन सलाईन लावलं, रक्त घेतलं. मग त्या विचारू लागल्या आणि उत्तरं बहुतेक जिजाला द्यावी लागली.

"नाव नोंदवलंय?"

"नाही अजून."

"शेवटची पाळी?"

नयनाने सांगितली. डॉक्टरांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे अजून तीन महिने पुरे व्हायचेत. नोंदणी याच काळात व्हायला हवी. फॉलिक अॅसिड घेते का?"

"नाही."

"मागचा गर्भपात झालेला. तेव्हा रक्त कमी होतं म्हणता. नंतर तपासलं?"

"नाही."

"वजन उचलते?"

जिजा म्हणाली, "पाटी... थोडी." हिरूने तिच्याकडे बघितलं. भरलेली पाटी किती असते ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"अंगावरून काही जातं? डाग वगैरे?"

"काल थोडा," नयना म्हणाली. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "मी कपडा धुऊन टाकला."

"सांगितलं का नाहीस?" हिरूने विचारलं.

"सांगायचं नाही, असंच ठरलं होतं," नयना म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अंगातलं पाणी गेलंय. उलट्या या दिवसांत होतात. सकाळी उठायच्या आधी काही सुकं खायचं, कुरमुरे, भाकरीचा तुकडा. थोडं थोडं, सारखं. ज्या वासाने होतं त्या वासापासून लांब. एवढ्याने भागलं नाही तर आम्ही औषध देतो, ते चालणारं असतं. काही घेतलंय का बाहेरून?"

"गोळी घेतली," नयना म्हणाली. "बुधवारपासून. आईंनी विचारून आणली होती."

"कुणाला विचारलं?"

प्रश्न जिजाला होता. सलाईनचा थेंब पडत होता. हिरू मुलीच्या चपला खाटेखाली सरकवत होती, तिचे हात थांबले. नयना सासूकडे बघत होती, आणि त्या बघण्यात अजून विश्वास होता.

"विचारलं नव्हतं," जिजा म्हणाली.

"काय?"

"मेडिकलवाल्याने विचारलं, कुणाला पाहिजे. मी म्हटलं, मला. तो म्हणाला होता, पोटुशीला द्यायची नाही म्हणून. मी म्हटलं, घरात कुणी नाही."

नयनाने तोंड भिंतीकडे वळवलं. सलाईनची नळी ताणली गेली, ती डॉक्टरांनी हाताने सैल केली.

"गोळीचं नाव?"

"ठाऊक नाही. पट्टी कापलेली होती. आता संपली."

"नाव कळल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. जाऊन विचारून या. आत्ता."

*

दिपकचं दुकान रविवारी दुपारनंतर बंद असतं, म्हणून त्याआधी गर्दी होते. जिजा बाजूला उभी राहिली. गर्दी कमी होईल म्हणून तिने वाट बघितली. एक जण गेला की दोन येत होते. मग ती पुढे घुसली.

"बुधवारी मला गोळ्या दिल्यास त्या कुठल्या?"

"कसल्या?"

"उलटीच्या."

"बऱ्या वाटल्या का? देऊ आणखी?"

"नाव सांग त्यांचं."

"नाव कशाला? काय झालं?"

बाजारात दोन फर्लांगांवरून ऐकू येणारा जिजाचा आवाज तिथे निघत नव्हता. तिने काउंटरची काच दोन्ही हातांनी धरली.

"माझी सून पोटुशी आहे," ती म्हणाली. "गोळ्या तिने घेतल्या. मी खोटं बोलले."

दिपकच्या हातातली पट्टी हातातच राहिली. शेजारी उभ्या असलेल्या बाईने पहिलं वाक्य ऐकलं, पुढचं तिच्या लक्षात आलं नसावं. ती हसून म्हणाली, "अगो बाई, अभिनंदन जिजाबाय! मग पेढे कधी?"



"मी विचारलं होतं तुम्हाला," दिपक म्हणाला. तो तिच्यावर चिडला नाही, घाबरला होता. "मी तोंडाने विचारलं होतं."

"हो. तू विचारलं होतंस."

त्याने फडताळ उघडलं. थोडा वेळ शोधत राहिला. मग दोन वेगवेगळ्या पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. दोन्हीतल्या गोळ्या पांढऱ्या, दोन्ही पट्ट्या कापलेल्या.

"या दोन्हींतली एक असणार. मी दोन्ही देतो. त्या दिवशी कुठली दिली ते..." त्याने पुन्हा दोन्ही उचलून बघितल्या. "शपथेवर नाही सांगता येत."

जिजाने दोन्ही पदराच्या गाठीत बांधल्या आणि गर्दीतून बाहेर आली.

डॉक्टरांनी दोन्ही नावं वाचली. एक बाजूला सरकवली. "ही असेल तर काळजी नाही." दुसरी हातात धरून त्या फोनवर कुणाशी तरी बोलल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "ही असेल तर ठाम सांगता येत नाही. कदाचित काही होणार नाही. आधी रक्त वाढवायला हवं, डाग थांबायला हवा. सोनोग्राफीत ठोका दिसतो का ते बघू."

गोळी कुठली, हे नयनाला दाखवून विचारलं. तिने दोन्हींकडे बराच वेळ बघितलं. "मी नीट बघितली नव्हती," ती म्हणाली. "विचारून आणली होती म्हणून."

*

संध्याकाळी शितल आली, पिशवी घेऊन. खाटेशेजारी बसून तिने नयनाचं नाव, वय, पाळीची तारीख लिहून घेतली, गोळ्या दिल्या, कधी आणि कशा घ्यायच्या ते सांगितलं. जिजाला ती फक्त एवढंच म्हणाली, "काकू, मी दारावरून दोनदा गेले. तुम्ही पाणी दिलंत."

"हो," जिजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हिरू मुलीला झाईला घेऊन गेली. रक्त कमी निघालं, गेल्या वेळेपेक्षा थोडंच जास्त. डाग थांबला होता, पण विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. झाईलाही दारात मासळी असते. हिरूने जाळी आणि टोपल्या दिराच्या अंगणात हलवल्या आहेत, असं परेशने फोनवर ऐकलं. तो मंगळवारी किनाऱ्याला लागला आणि घरी न येता तसाच झाईला गेला. सोमवारी नयना निघताना जिजा दवाखान्याच्या फाटकात उभी होती. नयनाने वाकून नमस्कार केला, सवयीने. "येते" म्हणाली नाही.

बाजारात आता सगळ्यांना ठाऊक आहे. बुधवारी धाकलीने फळीवर येऊन चहा ठेवला. "सांगायचं ना गो मला. मी गप्प बसले असते." दोघींनाही ते खरं नाही हे माहीत होतं. तरी जिजाने चहा घेतला.

थोड्या वेळाने निलम बाई आल्या. पापलेट उचललं आणि न बघताच पिशवी पुढे केली.

"कल्ला बघा बाई," जिजा म्हणाली.

"असू दे हो."

"नाही. बघा." तिने स्वतः कल्ला उघडून समोर धरला. आत लाल होतं. निलम बाईंनी बघितलं, मान हलवली. पेढ्यांचं किंवा सुनेचं त्यांनी काही विचारलं नाही. जाताना फळीखाली, झबल्यांची पिशवी राहिली होती त्या बर्फाच्या खोक्याकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी ती लगेच काढून घेतली.

परेश बुधवारी घरी परतला. नयनाचा फोन त्याला येतो. जिजा सारखी त्याला विचारते आणि तो सांगतो, जेवढं तिने सांगायला सांगितलं असेल तेवढं. उलट्या आहेत. कुरमुरे राहतात पोटात. पुन्हा डाग नाही.

सोनोग्राफी शुक्रवारी डहाणूला आहे. शुक्रवार म्हणजे विक्रीचा दिवस. जिजाने फळी त्या दिवशी धाकलीला बघायला सांगितली आहे. तिला अजून कुणी ये म्हटलेलं नाही.